मत्स्यटाकीच्या तळाची फरशी आणि काचेतील छिद्रे

संपादक महोदय,

मोठ्या मत्स्यटाकीच्या तळाला फरशी बसवताना नळजोडणीसाठी काचेला पाडलेल्या छिद्रांकडे दुर्लक्ष होते, याची मला मनापासून काळजी वाटते. जोडणीचा रबरी वॉशर थेट काचेवरच टेकला पाहिजे. तो खडबडीत फरशीवर टेकवल्यास गळतीचा धोका राहतो. म्हणून छिद्राभोवती फरशी एवढी मोकळी कापावी, की पुढे कधी जोडणी बदलायची झाल्यास फरशी उखडावी लागणार नाही. संगमरवर मात्र टाळावाच, कारण तो आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळून पाण्याचा कठीणपणा वाढवतो. सुट्या फरशीखाली विष्ठा व उरलेले खाद्य साचून कुजते आणि त्याचा त्रास माशांना होतो, त्यामुळे सांधे बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने बंद करावेत व ते पूर्ण वाळल्यावरच पाणी भरावे.

आपला,
एक मत्स्यप्रेमी वाचक