फोटोतल्या सीलिंगला पंखा का नसतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या शनिवारच्या घरसजावटीच्या पुरवणीत फॉल्स सीलिंग आणि स्पॉटलाइटवर अख्खं पान होतं. फोटो मस्तच होते, आमच्याकडे ते पान सगळ्यांच्या हातून फिरलं आणि शेवटी सासूबाईंकडे गेलं तर त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "अगं पण ह्यांच्याकडे पंखा कुठाय?" मी परत बघितलं. सात फोटो आणि एकातही पंखा नाही. पुण्यात मे महिन्यात पंख्याशिवाय हॉलमध्ये कोण बसतं हो, आणि एसी असला तरी पंखा लावतोच की आपण.

हे मी उगाच खुसपट काढत नाहीये. तीन वर्षांपूर्वी रावेतला फ्लॅट घेतला तेव्हा असेच फोटो दाखवून आम्ही इंटिरियरवाल्याकडून काम करून घेतलं. हॉल ११ बाय १७ चा, त्यात ७ वॉटचे १२ स्पॉट, दिसायला एकदम रांगेत, आणि त्यातले चार पंख्याच्या चारी बाजूंना दीड-दोन फुटांवर कारण "सिमेट्री छान दिसते मॅडम". पहिल्या रात्री पंखा चालू केला आणि सगळा हॉल लुकलुकायला लागला. ४८ इंची पंख्याचं पातं मधल्या दांड्यापासून २ फूट लांब जातं आणि ते सीलिंगच्या फूटभर खाली फिरतं, म्हणजे त्या चौघांचा उजेड पातं दर फेरीला कापणार आणि सावल्या भिंतीवर, टीव्हीवर, जेवणाच्या ताटात पळणार. मुलगा म्हणाला डिस्को. माझं डोकं दुखायला लागलं. आता ते चार दिवे आम्ही काढूनच ठेवलेत, पैसे देऊन भोकं पाडून घेतली म्हणायची.

पंख्याच्या मधल्या दांड्यापासून स्पॉट कमीत कमी ३ फूट लांब हवा, जमलं तर साडेतीन, आणि लांब असला तरी आपण सोफ्यावर बसल्यावर दिवा आणि डोळा यांच्या मध्ये पातं येत नाही ना हे बघायचं. १० बाय १० च्या खोलीत मग कोपऱ्यांकडेच जागा उरते, पण तेच बरं, दिवे भिंतीजवळ गेले की भिंत उजळते आणि लहान खोली मोठी वाटते.

दुसरी चूक आकड्याची. आजकालचे बरे एलईडी वॉटला साधारण ९० ल्युमेन (उजेडाचं माप) देतात, म्हणजे १२ स्पॉटचा उजेड साडेसात हजारांच्या घरात, आणि २० वॉटची एलईडी ट्यूब २ हजाराच्या आसपास. म्हणजे आम्ही एका हॉलमध्ये जवळजवळ चार ट्यूबा लावून बसलो होतो आणि त्या बाराच्या बारा एकाच बटणावर! लावले तर लग्नाचा हॉल नाहीतर अंधार. बटणं वेगळी करायला गेलो तर आमची बिल्डिंग मायवानवाली, म्हणजे साच्यात ओतलेली, भिंती सगळ्या काँक्रीटच्या, फोडायला परवानगी नाही. दोन-दोन तीन-तीन दिव्यांना वेगळं बटण आणि झोपायच्या खोलीत पलंगाजवळ एक टू-वे (दारापासूनही आणि पलंगावरूनही चालणारं बटण), एवढं काम सुरू व्हायच्या आधी सांगितलं असतं तर वायरचा थोडा जास्त खर्च सोडून काही लागत नव्हतं.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. मागच्या वर्षी कराडजवळ दादाने बंगला बांधायला काढला आणि मी आधीच बजावलं की दिव्यांचं मी बघणार. तिथला वायरमन फार समजूतदार निघाला. त्याने एकच विचारलं, "ताई, सामान कुठं ठेवणार ते सांगा, वरचं मी करतो." इतका साधा प्रश्न आमच्या फ्लॅटच्या वेळी कोणीच विचारला नव्हता, सगळे वर बघूनच दिवे ठरवत होते. हॉल सोडून बाकी खोल्यांत आम्ही फरशीवर खडूने पलंग काढला, कपाट काढलं, कपाटाचं दार उघडल्यावर कुठपर्यंत येतं तो गोलही काढला, मग उजेड पाहिजे तिथे फुल्या मारल्या आणि त्याने ओळंबा लावून त्या फुल्या वर नेल्या. वहिनीने तर स्वतः ओट्याच्या जागी उभं राहून चिरायची ॲक्शन करून दाखवली. हसलो खूप, पण त्यानेच कळलं की खोलीच्या मधला दिवा पाठीमागून येतो आणि आपल्याच डोक्याची सावली विळीवर पडते. ओटा २ फूट रुंद असतो, तर दिवा भिंतीपासून २०-२२ इंचांवर, म्हणजे ओट्याच्या कडेच्या जरा आत पाहिजे, आणि वरची कपाटं फूटभर बाहेर येतात त्यांच्या खाली एक एलईडी पट्टी.

पलंगाचंही तसंच. उशीच्या बरोबर वर स्पॉट ठेवला की आडवं पडल्यावर सरळ डोळ्यात, तान्हं बाळ असेल तर विचारूच नका. आम्ही तो पायाकडे सरकवला आणि एक कपाटासमोर, पण दाराच्या गोलाच्या बाहेर, नाहीतर दार उघडलं की आत अंधारच.

मग अंश. बॉक्सवर २४, ३६, ६० असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो उजेडाचा झोत किती पसरतो त्याचा आकडा. ९ फुटांवरून अडीच फूट उंच टेबलावर ३६ अंशवाला साधारण सव्वाचार फुटांचा गोल पाडतो आणि ६० वाला साडेसात फुटांचा. फोटोफ्रेम किंवा देव्हाऱ्यासाठी २४ वाला छान, पण तोच बसायच्या जागी लावला तर माणसं नाटकाच्या स्टेजवर बसल्यासारखी दिसतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, तो वॉट आणि रंग एवढंच विचारतो. रंगाबद्दल माझं मत म्हणाल तर हॉल-बेडरूमला ३००० केल्विन (आकडा कमी तितका उजेड पिवळसर), स्वयंपाकघर आणि अभ्यासाला ४०००, आणि ६५०० चा निळसर पांढरा घरात नकोच, भाजी शिळी दिसते त्यात. बटण दाबून तीन रंग बदलणारे दिवेही मिळतात पण आमच्याकडच्या सहातला एक कायम वेगळ्याच रंगावर जाऊन बसतो.

दादाला हॉलमध्ये फॉल्स सीलिंग नको होतं, उंची जाते म्हणून. तर स्लॅबमध्येच सोडायचे पीव्हीसीचे गोल डबे मिळतात, ते स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या प्लेटांवर बसवून वायरचे पाइप जोडून मग काँक्रीट टाकतात, आत माल जाऊ नये म्हणून कागद नाहीतर थर्माकोल कोंबायचा. पण मग स्लॅब पडायच्या आधीच सगळं पक्कं पाहिजे, नंतर एक इंचही हलत नाही. आणि तेव्हा फरशी नसते, भिंती नसतात, खडूने काढायचं ते प्लेटांवरच आणि तेही सळई बांधायच्या आधी. आम्ही प्लॅनच्या झेरॉक्सवर आधी पेन्सिलने काढून घेतलं होतं म्हणून निभावलं. फॉल्स सीलिंग असेल तर एवढी घाई नाही पण भोक पाडायच्या आधी रात्री एक दिवा लांब वायर लावून घोड्यावर (शिडीवर) चढून धरून बघायचा, दहा मिनिटांचं काम आहे. सीलिंगच्या सांगाड्याचं पत्र्याचं चॅनेल बरोबर त्याच जागी येतंय का तेही विचारायचं, नाहीतर मिस्त्री ऐनवेळी "थोडा इकडे घेऊ" म्हणतो आणि तो थोडा म्हणजे बरोबर पंख्याजवळ.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी फोटोबरोबर त्या खोलीचा साधा नकाशा छापा, सामान कुठे, पंखा कुठे, दिवा कुठे, कोणतं बटण कशाचं. जाहिरातीच्या पानांतून चार इंच जागा निघेल की. आणि साठी ओलांडलेल्यांना आपल्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो पण चकाकी सोसत नाही हेही कोणीतरी लिहा, कारण आमच्या सासूबाई त्या स्पॉटखाली बसून पेपर वाचतच नाहीत, चकाकी लागते म्हणतात. तुमची पुरवणीसुद्धा त्यांनी बाल्कनीत नेऊन वाचली.

आपली,
एक वाचक, रावेत, पुणे