तुझ्या शिफ्टमधल्या त्या माणसाबद्दल

चि. अनिकेत,

परवा फोनवर तू सांगितलंस तेव्हा गप्प बसले कारण तू गाडी चालवत होतास, पण ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहिते, आणि हे सगळं वाच, नुसता अंगठा पाठवू नकोस. तुझ्याकडचा तो माणूस नाइट शिफ्ट बदलून मागतोय, तू नाही म्हणालास, आणि तो कँटीनमध्ये चारचौघांत बोलला की एक दिवस सगळ्यांना दाखवतो. वर तू हसून म्हणालास, सायको आहे गं तो.

पहिलं म्हणजे ते सायको वगैरे बंद कर. माझी अख्खी नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. तिथे पेशंटने कोणाला मारल्यापेक्षा घरच्यांनी पेशंटला मारून आणलेलंच जास्त बघितलंय. पेपरात काही भयंकर आलं की लोक 'वेडा असणार' म्हणून मोकळे होतात, याची मला भयंकर चीड आहे, कारण मग पुढे कोणाला काही बघायचंच नसतं.

आता स्वारगेटचं आठव. 25 जानेवारी 2012, तू दहावीला होतास. एसटीच्या एका ड्रायव्हरने सकाळी स्वारगेट आगारातून आपली नसलेली बस काढली आणि भर गर्दीत, उलट्यासुलट्या दिशेने, समोर येईल त्याला चिरडत नेली. नऊ माणसं गेली, कितीतरी जखमी. शेवटी एक तरुण पोरगा जीव धोक्यात घालून बसमध्ये चढला तेव्हा कुठे ते थांबलं. तुझ्या बाबांची स्कूटर त्याच भागातून जायची रोज, फोन लागेना, तो तास मी कसा काढला माझं मला माहीत.

नंतर काय बाहेर आलं? की त्याने रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती आणि मिळाली नव्हती. लगेच सगळ्या पुण्यात चर्चा, एवढ्याशा ड्युटीवरून नऊ खून! अरे एवढ्याशावरून कोणी नऊ माणसं मारत नाही. नाही तर रोज प्रत्येक डेपोत हेच झालं असतं, ड्युटी कोणाला मनासारखी मिळते? नकार हे निमित्त झालं, आधीचं काय काय साठलेलं असणार ते त्याचं त्यालाच माहीत. वेडाच्या भरात केलं असा बचाव झाला, तो कोर्टात टिकला नाही. पुण्याच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. मला विचारशील तर जन्मठेप बरोबरच आहे, पण ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना हे मी तोंडावर सांगू शकणार नाही.

अमेरिकेत हे प्रकार जास्त होतात म्हणून तिथे अभ्यासही जास्त झालाय. एफबीआयने 2018 मध्ये एक रिपोर्ट काढला, 2000 ते 2013 मधल्या गोळीबार करणाऱ्या 63 जणांचा. हल्ल्याच्या आधीच्या वर्षभरात त्यातल्या प्रत्येकाच्या मागे सरासरी तीन-चार वेगवेगळे ताण होते, पैशाचे, नोकरीचे, बायकोशी भांडण, मित्रांशी बिनसलेलं, असे. मानसिक आजाराचं निदान आधी झालेले होते फक्त 25 टक्के. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निम्म्याहून जास्त जणांनी कोणाजवळ तरी आधी बोलून दाखवलं होतं. लेव्हिन आणि मॅडफिस म्हणून दोन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2009 मध्ये शाळांमधल्या हत्याकांडांबद्दल हेच पायरीपायरीने मांडलंय, आधी वर्षानुवर्षांचा ताण, तो हलका करायला जवळ कोणी नाही, मग एखादा ताजा घाव, मग मनात बेत आणि मग ते कृत्य. स्वारगेटला बेत वगैरे फारसा दिसत नाही हे खरं, तिकडचे बहुतेक जण मात्र आठवडा आठवडा आधीपासून ठरवत असतात.

पण नीट समजून घे हं, तीन-चार ताण तर आपल्या सोसायटीत दारोदार निघतील. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा दारू पितो, नवरा अंथरुणाला खिळलाय, घराचे हप्ते आहेत, आणि त्या संकष्टीला मला मोदक आणून देतात. ताणाने कोणी खुनी होत नाही. ताण असतो, वर माणूस एकटा पडलेला असतो, आणि हळूहळू त्याच्या मनात पक्कं होतं की माझं वाटोळं ह्या ह्या लोकांनी केलं. हे तिसरं आलं की मला भीती वाटते. आणि हाताशी साधन काय आहे तेही बघावं लागतं, तिकडे बंदूक सहज मिळते, इथे त्याच्या हातात बस होती, तुमच्या प्लांटमध्ये काय काय आहे ते तू मला सांगायला नको.

म्हणून तो माणूस काही करेलच असं मी म्हणत नाहीये, बहुतेक काहीच करणार नाही, रात्रपाळीला वैतागून बोलला असेल बिचारा. पण नाइट का नको हे तू विचारलंस का त्याला? घरी कोणी आजारी आहे, झोप होत नाही, कर्जवाले दारात येतात, काय ते. झोप हा प्रकार तुम्ही पोरं फार हलक्यात घेता, वॉर्डात आम्ही रोज सकाळी पहिलं तेच विचारायचो, झोप लागली का. त्याला बाजूला घे, चहा घे त्याच्याबरोबर, मोबाइल खिशात ठेवून. उपदेश करू नकोस, नुसतं ऐक, आणि बोलताना सारखं एकाच माणसाचं नाव येतंय का तेवढं कान देऊन ऐक. टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर त्याला दे, फुकट आहे, मराठीतून बोलतात, रात्रीही चालू असतो.

शिफ्ट लगेच देता येत नसेल तर कधीपासून देता येईल ती तारीख सांग आणि पाळ, 'बघू' म्हणू नकोस. आणि तो 'दाखवतो' जे बोलला ते त्याच्याच शब्दात, कोणासमोर बोलला त्या नावांसकट, आजच एचआरला मेल कर. तोंडी सांगितलेलं उद्या कोणाला आठवत नाही. त्याच्या नोकरीवर गदा येईल म्हणून कचरत असशील तर मेलमध्ये हेही लिही की ह्याला काढू नका, आधी कोणीतरी बोला ह्याच्याशी, कारण अशा वेळी तडकाफडकी काढून टाकणं म्हणजे तो ताजा घाव आपणच घालायचा.

मेल केलास की मला मेसेज टाक.

आई