संमतीपत्राची प्रत रुग्णाच्या हाती द्या

महोदय,
ठाणे-नवी मुंबईत कोणी औषधचाचणीत सहभागी होत असेल, तर घरच्यांनी आधी विचारावे : संमतीपत्राची प्रत कुठे आहे? त्यात संशोधक डॉक्टर आणि सहभागींच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी नैतिकता समिती यांचे संपर्क असतात. ही प्रत देणे औषधचाचण्यांबाबतच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक आहे. ती नसेल, तर तब्येत बिघडल्यावर दाद कुठे मागायची हेच कळत नाही. सहभागी निरक्षर असल्यास संमती घेताना पूर्ण वेळ त्रयस्थ साक्षीदार हवा. वॉर्डातल्याच कर्मचाऱ्याची सही घेतली तर तो त्रयस्थ कसला? आंध्र प्रदेशात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या) लसीच्या प्रकल्पात वसतिगृहांच्या अधीक्षकांनीच मुलींच्या संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले, तरी धडा पुरता घेतलेला दिसत नाही.

गंभीर दुष्परिणाम झाल्यास डॉक्टरने २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि नैतिकता समितीला कळवायचे असते. भरपाईचा आदेश निघाल्यावर कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे. पण किती घटना कळवल्या, किती कुटुंबांना पैसे मिळाले, हे रुग्णालयनिहाय सामान्य माणसाला कुठे दिसते? सीटीआरआय या देशातील औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर चाचणीची नोंद विनामूल्य पाहता येते, पण या प्रश्नांचे उत्तर तिथे मिळत नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे आकडे, सहभागींची नावे वगळून, दर तीन महिन्यांनी मराठीतही जाहीर करावेत.

– एक अभ्यासक, ठाणे