आमच्या डब्यातली भाकर खाल्लीत, त्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण वाचाल तर ओळखाल. अंबाजोगाई-लातूर गाडीवरचा कंडक्टर, सोबत डोक्यावर पदर घेतलेली बायको आणि ओढणीत तोंड लपवून बसलेली एकोणीस वर्षांची पोरगी.

तुमच्यापर्यंत पोचायला आम्हाला दीड वर्ष लागलं. एकानं तपासायची तसदी न घेता मूळव्याध म्हणून मलम लिहून दिलं. दुसऱ्यानं आव म्हणून त्याच त्या गोळ्या चार वेळा दिल्या. तिसरा तर पोरीकडं बघेना, माझ्याकडं बघून म्हणाला, "परीक्षेचं टेन्शन घेतलंय, लग्न लावून टाका." ह्या सल्ल्याचीही फी घेतली. शौचाला रक्त पडतंय हे ती सांगत होती आणि प्रत्येक जण मान हलवत पुढचा नंबर बोलावत होता. भावकीतल्या एकीनं अंगारा पाठवला. तो तरी फुकट होता.

दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं. कंडक्टरची लेक, पण एसटीत पाय ठेवायला भ्यायची. मध्येच बर्दापूरला गाडी थांबवा म्हणायचं, ते बापाला आणि चाळीस माणसांसमोर. कॉलेज सुटलं ते त्यापायी, हे मला फार उशिरा कळलं.

पण जास्त खचली होती ती तिची माय. जाईल तिथं पहिला सवाल, "काय खाऊ घालता पोरीला?" तिखट बंद, तेल बंद, भाकर बंद. शेवटी शेवटी तिला वाटायला लागलं, आपल्याच हातात काहीतरी वाईट आहे. पोरीचं ताट ती मला वाढायला लावायची.

तुमच्याकडं काय काय तपासण्या झाल्या ते सांगत बसत नाही. मला आठवतं ते त्या दिवशीचं दोन-अडीचचं. तुमचं जेवण राहिलेलं. हिनं डबा पदराखाली झाकून धरला होता, चोरी केल्यासारखा. तुम्ही विचारलंत, "काकू, डब्यात काय आणलंय?" ही गप्प. मीच झाकण उघडलं. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण आणि माझ्यासाठी कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. तुम्ही हात धुऊन आलात, भाकरीचा तुकडा मोडलात, वरणात बुडवून खाल्लात आणि घास तोंडात असतानाच म्हणालात, "किती मऊ झालीय! काकू, हा आजार तुमच्या हातानं आलेला नाही."

एवढंच. परत येताना ही रेणापूर फाट्यापर्यंत रडत होती. पण संध्याकाळी पोरीचं ताट तिनं वाढलं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होणं, हे नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. पण तुम्ही मला माझ्या भाषेत सांगितलंत. आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं. त्याच्या अलीकडं आपलं रोजचं अन्न आणि अब्जावधी जिवाणू, पलीकडं शरीरातल्या शिपाई पेशींचा सगळ्यात मोठा तळ. ह्या शिपायांनी दिसेल त्याला ठोकायचं ठरवलं तर माणसाला जेवताच येणार नाही. म्हणून काही पेशींचं कामच मुळी शिपायांना आवरायचं. नियामक टी पेशी. "काका, तुमच्या गाडीत रोजचे पासवाले असतात ना? नवा चेकर त्यांच्याशीच हुज्जत घालायला लागला तर तुम्ही काय म्हणता? राहू द्या साहेब, रोजचाच आहे. तसंच हे."

मी विचारलं, "मग माझ्या पोरीच्या पोटात कंडक्टर कमी पडले का?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "कमी असतातच असं नाही. कधी कधी तर सुजलेल्या जागी जास्तच दिसतात. पण दिवाळीत दारातच मारामारी जुंपली तर तुमचं कोण ऐकतं?" हे मला पुरतं पटलं. लातूरच्या स्टँडवर जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात, पिशवी टाकतात, एकदा तर लेकरू आत टाकलेलं मी बघितलंय. त्या वेळी घंटी वाजवून काही होत नाही, आधी गर्दी शांत करावी लागते. तुमच्या गोळ्यांनी तेच केलं.

भाकरीचंही तुम्ही सरळ सांगितलंत. भडका आहे तोवर मऊ भात आणि मुगाची खिचडी, मग हळूहळू भाकर परत. धान्यातला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं एक द्रव्य तयार होतं, आणि त्यानं ह्या आवरणाऱ्या पेशी वाढतात असं 2013 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. वर लगेच दम, "पण भाकर म्हणजे औषध नव्हे हां. गोळ्या मनानं बंद केल्या तर माझ्याशी गाठ आहे."

6 ऑक्टोबर 2025 ला संध्याकाळी मी ड्युटीवरून आलो तर पोरगी मोबाईल घेऊन दारातच. "आप्पा, तुमच्या कंडक्टर पेशींना नोबेल मिळालं!" जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल. आवरणाऱ्या पेशी असतात ही कल्पनाच बहुतेकांनी मोडीत काढली होती, तेव्हा साकागुची चिकटून राहिले आणि 1995 साली त्यांनी त्या उंदरांत दाखवल्या. बाकीच्या दोघांनी 2001 मध्ये फॉक्सपी3 हे जनुक शोधलं, ह्या आवरणाऱ्या पेशी घडायला लागतं ते. ते बिघडलेलं लेकरू जन्मलं तर शरीर स्वतःवरच उलटतं, आतडंही सुटत नाही. बक्षीस जाहीर झालं तेव्हा रॅम्सडेल डोंगरात फिरत होते, फोनच लागेना, हे वाचून पोरगी मोठ्यानं हसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे साकागुचींचंपण आधी कुणी ऐकून घेत नव्हतं."

मी काही बोललो नाही.

मॅडम, पंचवीस वर्षं गाडीत माणसंच बघतोय. पोटुशी बाई चढली की डोळे मिटून घेणारे बघितलेत, आणि स्वतःच्या गुडघ्याला पट्टी असून उठणारी म्हातारीही बघितली. शिक्षणाचा आणि ह्याचा संबंध मला काही लावता आलेला नाही. तुमच्यात दोन्ही आहे, ते आमचं नशीब.

रक्त थांबलंय. गोळ्या चालू आहेत. दुखणं पुन्हा उचल खाऊ शकतं हे तुम्ही तोंडावर सांगितलंत, त्यामुळं भीती उलट कमी झाली. कॉलेज सुरू झालंय, पोरगी माझ्याच गाडीनं जाते आणि बर्दापूरला झोपलेली असते.

संक्रांतीनंतर दाखवायला येतोय. हिनं विचारायला लावलंय, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकर चालेल का ज्वारीचीच आणू? तुमचं जेवण व्हायच्या आत पोचतो.