शंभर ग्रॅम कोण देणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या सीताबर्डीच्या एका आतल्या गल्लीत शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना काचसामान आणि रसायने पुरवणारे एक जुने दुकान होते. गेल्या दिवाळीनंतर ते बंद झाले आणि आता तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात. एवढ्याशा घटनेची बातमी होत नाही आणि व्हावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. परंतु घरी शिर्का (म्हणजे व्हिनेगर), स्क्वॅश, आल्याचे फसफसणारे पेय, मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ हौसेने करणारी बरीच मंडळी या शहरात आहेत, आणि त्यांना लागणारे बारीकसारीक सामान आता आणायचे कुठून हा प्रश्न त्या दुकानाच्या शटरबरोबरच खाली आला आहे, म्हणून हे पत्र.

आंबवण्याच्या सामानाचा विषय काढला की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, त्यामुळे आधीच सांगून टाकते की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही आणि मला ते करायचेही नाही. मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर दर हंगामात संत्र्याचा शिर्का करते. रसातल्या साखरेचा यीस्ट मद्यार्क करते आणि त्या मद्यार्काचे ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू हवेच्या मदतीने आम्ल करतात, हा क्रम निसर्गाने ठरवलेला आहे; मी मात्र पहिल्याच दिवशी रसात चौथा हिस्सा मागच्या वर्षीचा जिवंत शिर्का ओतते आणि बरणीच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधते, त्यामुळे कोणी पेला घेऊन आमच्याकडे आलाच तर त्याची निराशाच होईल.

हा उद्योग वाटतो तितका ‘घाला आणि विसरा’ असा नाही. नागपुरी संत्र्याच्या रसात साखर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे पाण्याच्या तुलनेत रस किती दाट आहे ते सांगणारा काचेचा हायड्रोमीटर रसात सोडला की तो १.०४०च्या जवळपास वाचन दाखवतो, आणि त्याहून बरेच कमी दाखवले तर थोडी साखर घालावी लागते, नाहीतर शिर्का फिका उतरतो आणि पुढे बिघडतो. सालीतले तेल यीस्टला सोसत नाही, म्हणून साल रसात पडू द्यायची नाही. बिया आणि पांढरा पापुद्रा चिरडला गेला तर काढताना गोड लागलेला रस काही तासांनी कडू होतो. शेवटी आम्लता मोजावी लागते. बाजारात विकल्या जाणाऱ्या शिर्क्यात अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावे लागते आणि लोणच्यात घालायचा असेल तर मी स्वतः ४ टक्क्यांच्या खाली जात नाही. त्यासाठी ५ मिलिलिटर शिर्क्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या निर्देशकाचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा आणि खाली नळ असलेल्या काचनळीतून, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचे. ३३ मिलिलिटरच्या पुढे गेल्यावरच गुलाबी रंग टिकला तर शिर्का पास. एवढ्यासाठी लागते काय, तर एक हायड्रोमीटर, एक ब्युरेट, बाटलीभर द्रावण आणि काही थेंब निर्देशक. दहावीच्या प्रयोगशाळेत जे कपाटात पडलेले असायचे तेच हे सामान आहे.

त्या दुकानात ते मिळे, परंतु केवळ मिळे एवढेच म्हटले तर दुकानदारावर अन्याय होईल. कोबी-गाजराच्या आंबवणाला शिर्क्याच्या उलट हवा चालत नाही. आत तयार होणारा वायू बाहेर जावा आणि बाहेरची हवा आत येऊ नये अशी सोय करावी लागते, नाहीतर वर पांढरी बुरशी धरते. मी माझी काचेची बरणी पिशवीत घालून दुकानात नेली. दुकानदार काकांनी रबरी बुचांचा डबा काढला, तीन बुचे बरणीच्या तोंडात फिरवून पाहिली आणि चौथे पसंत केले. मग ते लाकडी ठोकळ्यावर ठेवून बुचाला भोक पाडायच्या पितळी कॉर्क बोअररला ग्लिसरीनचा थेंब लावला आणि अजिबात जोर न देता, घड्याळाला चावी द्यावी तसा तो फिरवत राहिले, तेव्हा बोअररच्या पोटातून पेन्सिलीच्या तुकड्यासारखी रबराची काळी कांडी बाहेर आली. वाकवलेली काचेची नळी त्यांनी फडक्यात धरून त्या भोकात बसवली आणि म्हणाले, ‘‘ढकलायची नाही न बाई, फिरवायची, तुटली तर सरळ तळहातात जाते.’’ हेच वाक्य मी तीस वर्षे मुलांना सांगत आले होते, तरी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरे वाटले. नळीचे दुसरे टोक वाटीभर पाण्यात बुडवले की काम झाले. बूच, नळी आणि भोक मिळून त्यांनी तीस रुपये घेतले. भोकाचे वेगळे पैसे लावले नाहीत.

हायड्रोमीटर विकतानाही त्यांची एक पद्धत होती. उंच नळकांड्यात साधे पाणी भरून त्यात तो तरंगवून दाखवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत, आणि काचेवर बारीक अक्षरात कोणते तापमान छापले आहे तेही दाखवत. २० अंशांवर आखलेला हायड्रोमीटर आपल्याकडच्या ३५ अंशांच्या खोलीत वापरला तर वाचन जवळपास ०.००४ने कमी येते, म्हणजे १.०४०चा रस १.०३६ दिसतो आणि आपण उगाच साखर ओतत बसतो. ही गोष्ट मला विज्ञानाची पदवी असूनही माहीत नव्हती. ती काउंटरवर कळली.

दुकान बंद झाल्यावर मी इतरांप्रमाणेच फोनवरून मागवू लागले. पहिल्या खेपेला फोटो पाहून जे मागवले ते घरी आले तेव्हा त्यावर ० ते १०० अशी पट्टी होती. ते मद्यार्काचे प्रमाण मोजणारे उपकरण होते आणि तेही फक्त पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणात चालणारे. साखर असलेल्या रसात त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण साखर आणि मद्यार्क त्याला विरुद्ध दिशांना ओढतात. वर्णनात मात्र ‘सर्व प्रकारच्या आंबवणासाठी उपयुक्त’ असे लिहिले होते. ते परत करून दुसरे मागवले. हे बरोबर जातीचे होते, पण साध्या पाण्यात सोडले तर १.००० ऐवजी १.००८ दाखवत होते, कारण प्रवासात काचेच्या आतली कागदी पट्टी सरकली होती. काकांच्या नळकांड्यात हा दोष अर्ध्या मिनिटात उघडा पडला असता. मे महिन्यात मागवलेल्या यीस्टच्या पुडीबद्दल न बोललेलेच बरे. नागपूरच्या ४५ अंशांत बंद गाडीत दोन दिवस फिरून आलेली ती पुडी कोमट साखरपाण्यात घातली तर अर्ध्या तासानेही फेस आला नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने दहा ग्रॅम ताजे यीस्ट कागदात बांधून दिले आणि पैसेही घेतले नाहीत.

या ‘दहा ग्रॅम’पाशीच माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडे घरोघरी संत्र्याचे स्क्वॅश होते आणि ते टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. लिटरभर स्क्वॅशला ते जेमतेम ०.६ ग्रॅम पुरते, म्हणजे १०० ग्रॅमच्या पुडीत दीडशे लिटरांहून अधिक स्क्वॅश होईल, आणि एवढे स्क्वॅश लग्नघरालाही लागत नाही. फोनवर मात्र मला अर्ध्या किलोच्या खाली पाकीट सापडले नाही. हे रसायन दमट हवेत आपला गंधकवायू गमावत जाते, त्यामुळे दोन पावसाळे काढलेल्या डब्यातले ०.६ ग्रॅम प्रत्यक्षात किती काम करते हे कोणालाच सांगता येत नाही. काही गृहिणी मग अंदाजाने जास्त घालतात आणि स्क्वॅशला काडेपेटीसारखा वास येतो. सुटे आणि ताजे विकणारा माणूस मध्ये नसला की असे होते. स्वस्त-महाग हा त्यातला दुय्यम भाग आहे.

दुकान का बंद झाले हे मी काकांना विचारले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुकान आमच्यासारख्या पन्नास रुपयांच्या गिऱ्हाइकांवर कधीच चालले नव्हते. ते चालत होते प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधी शाळांकडून येणाऱ्या मोठ्या याद्यांवर, आणि त्या याद्या आता निविदांच्या मार्गाने बाहेरगावच्या पुरवठादारांकडे जातात. पुष्कळ शाळांत प्रयोग फळ्याऐवजी पडद्यावर दाखवले जातात, तिथे परीक्षानळी फुटतच नाही, मग नवी लागणार कशाला? याद्यांच्या सावलीत आमचे सुटे गिऱ्हाईक उभे होते, हे आम्हाला सावली गेल्यावर कळले. यात माझाही हात आहे. माझी ब्युरेट मी त्याच दुकानात हाताळून पाहिली आणि घरी येऊन एकशेवीस रुपये वाचतात म्हणून फोनवरून मागवली. काकांना ते कळले असावे, कारण पुढच्या वेळी त्यांनी ‘‘ब्युरेटचा नळ गळत तर नाही न?’’ असे सहज विचारले होते.

ही केवळ आपल्याकडची रड आहे असेही नाही. माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. तिथे १९७८ साली झालेल्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करण्याला केंद्रीय करातून मोकळीक मिळाली आणि त्यानंतर गावोगावी त्या सामानाची दुकाने निघाली, जिथे मोड आणून वाळवलेले जव गिऱ्हाइकासमोर भरडून देत आणि बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले हुंगून घेता येत. त्याच्या गावातले असे दुकान बंद झाले. आता तो पाकिटे मागवतो आणि त्यातले हॉप्स जुने निघाले की त्याला शिळ्या चीजचा वास येतो अशी तक्रार करतो. कायदा वेगळा, पदार्थ वेगळा, पण पाकीट फोडल्यावरच माल कळतो हे दुःख दोघांचे एकच आहे.

इतवारीत अजून थोडी आशा आहे. काष्ठौषधींच्या दुकानात धायटीची फुले आजही पन्नास ग्रॅमच्या पुडीत मिळतात. आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी वैद्य ती शतकानुशतके वापरत आले आहेत आणि तिथला दुकानदार फुले कधीची आहेत हे न विचारताच सांगतो. चिनी मातीच्या बरण्याही बोटाने वाजवून घेता येतात; टणत्कार आला तर घ्यावी, बद्द आवाज आला तर तडा आहे असे समजावे. ही दुकाने टिकली आहेत, कारण त्यांचे गिऱ्हाईक अजून पायी येते.

माझी सूचना मोठी नाही. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आणि रसायन व अन्नतंत्राचे शिक्षण देणारी लक्ष्मीनारायण संस्था १९४२ पासून आहे. अशा संस्थांनी संत्र्याच्या हंगामापुरती, आठवड्यातून एक दिवस, एक खिडकी उघडून पारखलेले हायड्रोमीटर, तपासलेले यीस्ट आणि ५० किंवा १०० ग्रॅमच्या पुड्या रास्त भावात विकल्या, तर बचत गटांतल्या ज्या महिला स्क्वॅश आणि मार्मालेड विकून चार पैसे मिळवतात त्यांची मोठी सोय होईल. संस्थांना विक्रीची झंझट नको असेल तर शहरात उरलेल्या एखाद्या काचसामानाच्या दुकानदाराला ही जागा द्यावी. आमच्या वस्तीतल्या आठ जणींनी यंदा मागणी एकत्र करून ठेवली आहे, म्हणजे दुकानदाराला अर्ध्या किलोचा डबा फोडायला अडचण पडू नये. फक्त तो दुकानदार अजून सापडलेला नाही.

दुकान आवरताना काकांनी त्यांचा कॉर्क बोअररचा संच मला देऊन टाकला. कोणाला बुचाला भोक पाडून हवे असल्यास ते मी आनंदाने पाडून देईन, त्यासाठी आपल्या कार्यालयाकडे निरोप ठेवावा. आणि ज्यांच्याकडे सुटे मेटाबायसल्फाइट मिळते अशा दुकानदारांनीही कृपया कळवावे. आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात येऊ लागली आहेत आणि माझे शंभर ग्रॅम अजून मिळायचे आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
महाल, नागपूर