ट्रॅक्टरवाल्या काकांना

रविवारी उमरेड रोडकडच्या हौशी कार रेसमध्ये वळणावर टायर पाण्यावर तरंगले आणि माझी जुनी एस्टीम थेट शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात घुसली. ओली काळी माती काय करते, हे विदर्भात कोणाला सांगावं! चाकं अर्धी आत.

काका, तुम्ही धुऱ्यावरून आलात तेव्हा वाटलं, आता पिकावरून बोलणी बसणार. तुम्ही विचारलं, “बाबू, लागलं तर नाही ना?” मग खुरप्याने चाकांतला चिखल कोरून काढलात, खाली बारदाना घातला, ट्रॅक्टरने ओढलं. डोक्यावरचा दुपट्टा काढून त्याने प्लगच्या वायरी पुसल्यात. पैसे मात्र घेतले नाहीत.

भर पावसात पिवळा झेंडा दाखवून मागच्या गाड्या हळू करणाऱ्या पोराचेही आभार.

मोडलेल्या झाडांची भरपाई द्यायला येतोय, तेव्हा नाही म्हणू नका.