जिप्सी मेजर वाचवण्यासाठी सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

यंदाच्या पावसात मंडळाच्या दालनाची मागची भिंत पाझरली आणि आपल्या जिप्सी मेजर या जुन्या विमान-इंजिनाच्या सिलिंडरांना गंज धरला. इंजिन अजून हाताने फिरते. पण आणखी एक पावसाळा तसेच राहिले तर पिस्टन जाम होतील, म्हणून घाईने हे पत्र.

जुन्या सभासदांना या इंजिनाची कहाणी सांगायला नको. टायगर मॉथ विमाने मोडीत निघाली तेव्हा आपल्या मेकॅनिक काकांनी पदरचे पैसे घालून ते भंगारवाल्याकडून सोडवले आणि शेवटपर्यंत पडवीत गोणपाटाखाली जपले. त्यांच्या सूनबाई आजही काकांच्या स्मृतिदिनी मंडळाला पाकीट पाठवतात. आयटीआयच्या मुलांनी दालनासाठी फ्रान्सच्या सेगॅं बंधूंच्या सात सिलिंडरी नोम या विमान-इंजिनाची लाकडी प्रतिकृती करून दिली. तिचा क्रँकशाफ्ट (पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा) स्थिर राहतो आणि सिलिंडरच प्रोपेलरबरोबर गरगरतात. मूळ नोम इंजिनात वंगण म्हणून एरंडेल वापरत, हे ऐकून आज्याही नातवंडांना पुढे सारून बघायला येतात. लेथचे सगळे काम फुकट करून देणाऱ्या भोसरीच्या सभासदांचे ऋण तर फिटणारे नाही.

जिप्सीचे मोल मात्र अजून पुरेसे कळलेले दिसत नाही. पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या आठ सिलिंडरी रेनॉ इंजिनांचा अर्धा भाग घेऊन इंग्लिश इंजिन-रचनाकार फ्रँक हॅलफर्ड यांनी १९२५ मध्ये सिरस हे इंजिन बनवले. तो साठा संपत आला तेव्हा डी हॅविलँड या ब्रिटिश विमान कंपनीसाठी त्यांनी १९२७ मध्ये नवे जिप्सी आखले. पुढे सिलिंडर उलटे टांगले, क्रँकशाफ्ट वर नेला, तेव्हा वैमानिकाला नाकावरून समोरचे दिसू लागले. त्यातूनच १९३२ चे जिप्सी मेजर आले : ६.१ लिटर, १३० अश्वशक्ती. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते याच घराण्यातल्या इंजिनावर. आपल्या मुलांना हे इंजिन हाताने फिरवून पाहता येते. असे आणखी कुठे सहज मिळेल?

गेल्या वर्षीही आवाहन केले होते. प्रदर्शनाला दालन भरले, इंजिनाजवळ फोटो निघाले, दानपेटी जवळपास रिकामीच राहिली. काही पत्रांना साधी पोचही आली नाही. ते मनाला लागले, म्हणूनच यंदा स्पष्ट लिहितो आहे.

भिंतीची दुरुस्ती, सिलिंडर उतरवून होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणे), नव्या रिंगा, गॅस्केट, काचेची पेटी मिळून रु. १,८०,००० लागतील. धनादेश मंडळाच्या नावे, रोख कार्यालयात (मंगळवार सोडून सायं. ६ ते ८), पावती लगेच. मॅग्नेटोचे (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) कॉइल रिवाइंड करणारा कारागीर माहीत असल्यास कळवावे, दोन्ही मॅग्नेटो बंद आहेत. इंजिन उतरवायला रविवारी सकाळी चार-सहा धडधाकट माणसे हवीत, चहा-पोहे मंडळाकडून. १५ ऑक्टोबरला दालन पुन्हा उघडायचे आहे, तेव्हा रक्कम गणेशोत्सवापूर्वी पोचावी.

आपला,
कार्यवाह